चार नंबरचा सूट

बोत्सफ्योरच्या धक्क्यावर, बर्फाच्या कारखान्यामागे,
नोव्हेंबर सरताना सूर्य रजेवर जातो
आणि सूट माझ्याकडे येतात.
केशरी, जाडजूड, गुंडाळलेले.
पिशवी उघडली की रबराचा वास, डिझेलचा,
आणि मागच्या सरावातला कुणाचा तरी घाम.

आधी चेन.
दात न् दात बोटाने चाचपायचा,
मग मेणकांडी, खालून वर, वरून खाली.
तेल नाही. तेल लावणाऱ्याला मी एकदा सांगते,
दुसऱ्यांदा बिल पाठवते.
आणि चेन उघडी ठेवून गुंडाळा, बाबांनो,
घडीवर दुमडलेली चेन मोडते,
आणि मोडलीय हे कळतं
बोट कलंडल्यावर.

कुंचीची कड. तीन बोटी पंजे.
चमकपट्ट्यांवर टॉर्च मारून बघायचा.
दिव्याच्या बॅटरीवरची तारीख चष्मा लावून वाचायची.
शिट्टी फुंकायची.
शिट्टी वाजली की गॅरेजमधला म्हातारा कुत्रा
एक डोळा उघडतो, मला ओळखतो, मिटतो.

मग तोंडाच्या जागी झाकण बसवून
आत हवा सोडते.
टेबलावर कुणीतरी उठून बसतं,
बिनचेहऱ्याचं, गरगरीत,
पोटभर जेवल्यासारखं.
त्याला साबणाच्या पाण्याने आंघोळ घालते,
काखेत, जांघेत, टाचांच्या बेचक्यात,
शेवटच्या वर्षी सासऱ्यांना घालायचे तशी,
न बोलता, कान देऊन.
जिथे बुडबुडा, तिथे समुद्र.

हाव्सूलाचा चार नंबर
फेब्रुवारीत पन्नास मिनिटं पाण्यात होता,
ऑडबियर्नसकट.
आज त्याच्या डाव्या काखेत
बुडबुड्यांची रांग लागली,
शिवणीवरून खाली, पार बरगडीपर्यंत,
जणू कुणी आतून सावकाश मोजतंय.
शिवण नाही, कापडच सुटलंय.
मी तक्त्यावर लिहिलं: बाद.

बाद सूट कापायचा असतो,
नाहीतर कुणीतरी गरजू, कंजूष
तो दुसऱ्या बोटीवर टांगतो.
कात्री हातात असतानाच ऑडबियर्न दारात,
टोपी हातात.
"घरी नेला तर? खुंटीवर राहील.
पोरांना हात लावू देणार नाही."
"तुझी पोरं ऐकतात?"
तो हसला नाही.
मी दोन्ही पंजे कापले, मग पाय.
कात्री जाड कापडात अडत होती,
तो खिडकीबाहेर बघत राहिला
जिथे बघण्यासारखं काही नव्हतं,
क्रेनचा एक दिवा, बस.

शिट्टी चांगली होती.
नव्या सूटला लावायची म्हणून बाजूला ठेवलेली.
"मग ही दे," तो म्हणाला.
दिली. विचारलं,
"त्या रात्री हिच्यामुळे सापडलास?"
"दिव्यामुळे.
ही वाजलीच नाही. फुंकत होतो,
पण ओठ मिटेनात.
लाकडी झालेले. वारा नुसता
इकडून जायचा, तिकडून निघायचा."
आणि शिट्टी खिशात टाकून गेला,
दार नीट न लावता.

एकवीस वर्षं.
एकवीस वर्षं मी शिट्ट्या तपासल्या
हीटरशेजारी, कॉफी पिऊन,
कोमट ओठांनी,
आणि प्रत्येक चौकटीत खूण केली.

संध्याकाळी (ही संध्याकाळ घड्याळाच्या भरवशावर)
पाच नंबरची शिट्टी घेऊन बाहेर आले.
कठड्यावरचा बर्फ मुठीत घेतला,
तोंडाला लावून धरला.
आधी झोंबलं, मग दुखलं,
मग तोंड माझं राहिलं नाही.
तेव्हा फुंकलं.
नुसती हवा.
पुन्हा. नुसती हवा, हनुवटीवर लाळ.
तिसऱ्यांदा दातांत पकडून
पोटातून जोर काढला,
तर एक बारीक, फाटका सूर
धक्क्याच्या तिसऱ्या खांबापर्यंत गेला असेल.

आत कुत्र्याने डोळाही उघडला नाही.

बर्फ थुंकला.
सहा नंबर आणायला आत गेले.